वीजतारांतील कोलाहल

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबारला तडाखा दिला आणि तेथील दूरध्वनी मूक झाले. काही भारतीय हौशी रेडिओचालक (त्यांना 'हॅम' म्हणतात) योगायोगाने त्या वेळी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. त्यांच्या छोट्याशा संचांवरून आप्तांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचू लागले. हे काम लघुलहरींचे.

नेमक्या त्याच लहरींवर अवघ्या दोन महिन्यांपूर्वी अमेरिकेत वेगळेच संकट आले होते. वीजतारांतून इंटरनेट पुरवण्यास तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ऑक्टोबर २००४ मध्ये मुभा दिली. कल्पना मोहक खरी. तार घरोघर पोहोचलेलीच आहे, खोदकामाची यातायात नाही. परंतु केबलच्या तारेला धातूच्या जाळीचे कवच असते, खांबावरील वीजतारेला ते नसते. उच्च वारंवारतेचे संदेश तिच्यातून धाडले की ती तारच अँटेना बनते आणि दूर देशीचा क्षीण आवाज त्या खरखरीत बुडून जातो. हौशी चालकांच्या वारंवारता वगळू, असे कंपन्या म्हणत. काही ठिकाणी त्याचा उपयोगही झाला. पण तक्रारी थांबल्या नाहीत.

परीक्षा देऊन परवाना घेणाऱ्याला विनापरवाना उपकरणाने उपद्रव देऊ नये, हा कमिशनचाच नियम. तरीही 'चार छंदिष्टांसाठी प्रगती अडवायची काय?' असा सूर लागतोच. (आपल्याकडेही छंदिष्ट म्हणजे रिकामटेकडा, असाच समज!) अखेर अमेरिकन रेडिओ रिले लीग ही १९१४ पासूनची संस्था न्यायालयात गेली. एप्रिल २००८ च्या निकालाने कमिशनचे कान उपटले. ज्या तांत्रिक अभ्यासांचा आधार घेतला, त्यांतील काही भाग झाकूनच ते लोकांपुढे ठेवले होते. तारेपासून दूर जाताना उपद्रव किती वेगाने ओसरतो, याचे गृहीत धरलेले प्रमाणही नीट समर्थिलेले नव्हते. आम्हांस पहिली गोष्ट अधिक गंभीर वाटते. हिशेबातील चूक सुधारता येते. झाकलेला कागद तपासणार कोण?

व्हर्जिनियातील मॅनॅसस नगराने ही सेवा मोठ्या हौसेने सुरू केली होती. २०१० मध्ये ती बंद पडली, पण त्याचे श्रेय रेडिओचालकांना देणे अतिशयोक्तीचे होईल. ग्राहकच अपुरे होते. खरखर मात्र संपलेली नाही. आज निकृष्ट एलईडी दिवे आणि सौरसंचांचे इन्व्हर्टर ती घराघरांतून निर्माण करीत आहेत आणि त्यांच्याविरुद्ध दाद मागायची तर आधी कोणाच्या घरातले उपकरण, हेच शोधत गल्लोगल्ली हिंडावे लागते.