सामायिक म्हणजे बेवारस नव्हे

पंपाच्या स्टार्टरपासून दूध संकलनाच्या काट्यापर्यंत जी छोटी यंत्रं आपल्या भागात रोज वापरली जातात, त्यांच्या पोटातली ऑपरेटिंग सिस्टिम मुक्तस्रोत असावी आणि तिच्या घडणीत सांगली-साताऱ्याच्या माणसांनी हात घालावा, असं म्हटलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं. ज्याला मालक नाही त्याची जबाबदारी कुणावर? बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं? फुकट राबणारी पोरं नोकरी लागली की पसार होणार, त्यांच्या कष्टावर परदेशी कंपन्या गब्बर होणार, आणि शेतकऱ्याला यातलं काहीच नको असतं, त्याला मोटर चालू झाल्याशी मतलब. वर सामायिक विहिरीचा दाखला: पाणी चौघांना हवं, गाळ काढायला एकही पुढे येत नाही. असं बोलणाऱ्यांत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली माणसंही असतात, म्हणून त्याचा अधिक राग येतो.

मालकाचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर टेकलेले आहेत. कृष्णाकाठच्या मोटरघरात मोबाईल स्टार्टरची पेटी भिंतीला लावलेली असते. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून शेतकरी घरूनच फोन लावतो, पेटी फोन उचलते, तो एक आकडा दाबतो आणि मोटर सुरू होते. आत एक सिमकार्ड, एक मायक्रोकंट्रोलर आणि त्यात भरलेला छोटासा प्रोग्राम. तीनपैकी एक फेज गेला की मोटर ताबडतोब बंद करायची, नाहीतर वाइंडिंग जळतं. विहीर आटली तर पंप कोरडा फिरू द्यायचा नाही. लाइट परत आल्यावर सगळ्या मोटरी एकदम उठून ट्रान्सफॉर्मरवर ताण येऊ नये म्हणून थोडं थांबायचं. हे सारं त्या प्रोग्रामच्या भरवशावर चालतं. बरं, या पेटीला मालक आहे. ज्या दिवशी तिच्यातल्या मोडेमचं टू-जी नेटवर्क बंद होईल, किंवा तो मोडेम बाजारात मिळेनासा होईल, त्या दिवशी हा मालक काय करील? नवी पेटी विकील. प्रोग्राम बंदिस्त, त्याला कुणी हात लावू शकत नाही. मग रिले आणि करंट ट्रान्सफॉर्मर शाबूत असूनही वायरमन अख्खी पेटी उतरवून ठेवतो. दार आहे, दारावर पाटीही आहे, पण त्या दारात जाऊन शेतकऱ्याच्या हाती काय लागलं?

मोठ्या मालकांचीही हीच तऱ्हा. आर्म कंपनीची एम्बेड ओएस मुक्त परवान्याखाली होती, पण कारभार एकाच कंपनीच्या हातात. २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की जुलै २०२६ नंतर ती सांभाळणार नाही. कोड खुला होता म्हणून बाहेरच्या लोकांना तिची वेगळी शाखा चालवता आली; बंद असता तर तेवढाही आधार उरला नसता. आता याच्या शेजारी नटएक्स ही दुसरी मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम ठेवा. ग्रेगरी नट या एका माणसाने २००७ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि पुढे वर्षानुवर्षं जवळजवळ एकहाती वाढवली. एकाच माणसावर भिस्त ठेवण्याचा धोका तिथेही होताच. २०१९ मध्ये ती अपाची फाउंडेशनकडे आली, २०२२ मध्ये तिथला पूर्ण प्रकल्प झाली, आणि निर्णय अनेकांच्या हाती गेले. राउटरवर चालणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटीत तर उघड भाऊबंदकी झाली: २०१६ मध्ये काही मंडळी लेडे नावाने वेगळी निघाली, २०१८ मध्ये दोन्ही घरं पुन्हा एक झाली. भांडणाच्या काळातही कोड दोघांकडे होता आणि दोन्हीकडे काम चालू होतं. खाजगी कंपनीत भागीदार भांडले तर गिऱ्हाईकाच्या हाती काय उरतं, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावं.

सुरक्षेचं बोलायचं तर २०२० ची दोन प्रकरणं एकत्र वाचावीत. ट्रेक कंपनीच्या बंदिस्त नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये १९ दोष सापडले. ते इतक्या उत्पादकांच्या यंत्रांत हस्ते-परहस्ते पोचलं होतं की कुठल्या यंत्रात ते आहे, हे शोधणंच जिकिरीचं झालं. त्याच वर्षी चार मुक्तस्रोत नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये मिळून ३३ दोष सापडले. हे मी लपवत नाही. उलट तोच माझा मुद्दा आहे: कोड नुसता खुला असून भागत नाही, त्याला माणसं लागतात. लिनक्स फाउंडेशनने २०१६ मध्ये सुरू केलेल्या झेफिर या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक बदलावर करणाऱ्याचं नाव आणि ईमेल लिहावा लागतो, त्या भागाचा सांभाळकर्ता तो बदल तपासतो, चाचण्या आपोआप चालतात, मगच तो आत जातो. कुणी काय लिहिलं आणि कुणी मान्य केलं, हे वर्षांनंतरही दिसतं. जबाबदारी म्हणतात ती हीच. बंद पेटीवरच्या स्टिकरवर ती सापडत नाही.

मराठी टंकाच्या वादात हेच सगळं बोलून झालेलं आहे. प्रत्येक विक्रेत्याचा फॉन्ट वेगळा, त्याची मांडणी वेगळी; तेव्हाही मालक असलेलंच घ्या असा सल्ला मिळत होता. युनिकोड ही सर्वांसाठी एकच मांडणी आल्यावर जुन्या फायली उघडल्या तेव्हा पानंच्या पानं अगम्य चिन्हांची निघाली, आणि मजकूर पुन्हा टाइप करत बसावं लागलं. तोच सल्ला आता स्टार्टरसाठी दिला जातोय.

उरलेल्या आक्षेपांना फार शब्द नकोत. कंपन्या गब्बर होतात खऱ्या, पण त्याच कोडवर कुपवाडचा छोटा कारखानदारही परवान्याचे पैसे न देता उभा राहू शकतो. पोरं निघून जातात, त्यांनी केलेलं काम राहतं. आणि शेतकऱ्याला काही नको असतं हे त्याला न विचारताच ठरवलेलं आहे.

सामायिक विहिरीचा दाखला देणाऱ्यांनी येरळा नदीवरचं बलवडीचं बळीराजा धरण आठवावं. खानापूर तालुक्याच्या दुष्काळी पट्ट्यात शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात नदीतली थोडी वाळू विकून आणि श्रमदान करून ते उभारलं, पाण्याच्या समन्यायी वाटपाचा आग्रह धरला. ज्या मातीत हे घडलं, तिथे सामायिक म्हणजे बेवारस असं कसं म्हणवतं?

करायचं काय, तर फार मोठं नाही. पंपांसाठी ओळखली जाणारी किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली ती याच सांगली जिल्ह्यात. पंप आणि मोटर इथल्या माणसाला नव्याने शिकवावी लागत नाही. कुपवाड, मिरज आणि साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या उत्पादकांनी झेफिर किंवा नटएक्स यांपैकी एक पाया घ्यावा. फेज जाण्याचं आणि कोरड्या पंपाचं संरक्षण सगळ्यांनाच सारखं लागतं, तेवढा भाग मिळून लिहावा आणि मूळ प्रकल्पाकडे पाठवावा. स्पर्धा करायची ती पेटीच्या मजबुतीवर, कॉन्टॅक्टरच्या दर्जावर, वॉरंटीवर करावी. सांगलीचं वालचंद महाविद्यालय आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प कपाटात ठेवण्याऐवजी या कामाला जोडावेत: कमी-जास्त व्होल्टेजवर पेटी तासन्‌तास चालवून पाहणं, सापडलेला दोष नीट लिहून कळवणं, वायरमनला वाचता येईल अशी मराठी पुस्तिका करणं. सुरुवात एका स्टार्टरपासून करावी, आणि मोडेम बदलला तरी बाकीची पेटी तशीच चालते का, ही त्याची पहिली चाचणी असावी.