ट्रॅक्टरची देखभाल : घरची किती, मिस्त्रीची किती?

मृग तोंडावर आला की तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर मिस्त्रीच्या शेडपुढे रांग लागते. कोणाचे पाणी गरम होते, कोणाची लिफ्ट उचल घेत नाही, कोणाचा ट्रॅक्टर सकाळी ढकलल्याशिवाय चालूच होत नाही. मिस्त्री एक, हाताखाली पोरे दोन आणि दारात ट्रॅक्टर दहा. वाफसा कोणासाठी थांबत नाही. मग पारावर जुनाच वाद निघतो. एक म्हणतो, "मिस्त्री नुसतं झाकण उघडायचे पैसे घेतो, सगळं घरीच करावं." दुसरा म्हणतो, "आपल्याला त्यातलं काय कळतंय? पाना लावला अन् बिघडलं म्हणजे? जाऊ द्या चार पैसे."

आमच्या मते दोघेही चुकतात, पण नुकसान दुसऱ्याचे जास्त होते. पहिला कधी तरी एखादा नट मोडून ठेवतो. दुसरा मात्र रोज थोडे थोडे इंजिन खातो आणि ते त्याला दोन वर्षांनी, मिस्त्रीच्या बिलावर कळते.

आपल्याकडे बैल होते तेव्हा हा प्रश्न कोणाला पडला नाही. वैरण, पाणी, खरारा, पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी हे सगळे घरचे काम होते. पत्री ठोकायला नालबंद लागे आणि पोट फुगले तर जनावरांचा डॉक्टर. बैल रवंथ करीना म्हटल्यावर मालकाला ते डॉक्टरच्या आधी कळायचे, कारण हात रोज अंगावरून फिरत होता. ट्रॅक्टर आला तशी ही सवय सुटली. किल्ली ड्रायव्हरकडे, हप्ता मालकाकडे आणि बॉनेट उघडायचे ते थेट मिस्त्रीने, असा रिवाज पडला.

वाटणी कशी करावी याचा एक साधा हिशेब आहे. जे काम डोळ्यांनी बघून, हातांनी पुसून, साध्या पान्याने आणि तुमच्याकडच्या पुस्तकात वाचून होते ते आपले. ज्याला मोजमापाचे यंत्र लागते, म्हणजे नोजलचा दाब तपासायचे, पंप लावायचे, बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळायचे, ते मिस्त्रीचे. ट्रॅक्टरबरोबर मिळालेले पुस्तक बहुतेक घरांत पेटीच्या तळाशी पडलेले असते. ते आधी बाहेर काढा.

आता सगळ्यांत महत्त्वाच्या आणि सगळ्यांत दुर्लक्षित कामाकडे येऊ. ते म्हणजे एअर क्लिनर. अडीच लिटर क्षमतेचे इंजिन २००० फेऱ्यांवर चालताना मिनिटाला दोन हजार लिटरांहून अधिक हवा ओढते. उन्हाळ्यात कोरड्या रानात रोटाव्हेटर चालू असताना ती हवा कसली असते हे सांगायला नको. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरांत ऑइल बाथ असतो. हवा नळीतून खाली येते, वाटीतल्या ऑइलवर आपटते, धूळ ऑइलात बसते आणि उरलेली वरच्या जाळीत अडकते. वाटीतले ऑइल घट्ट चिखलासारखे झाले किंवा आटले की धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. तिथे ती कानशीसारखे काम करते. रिंगा झिजतात, लायनर झिजतो, ट्रॅक्टर ऑइल प्यायला लागतो, निळसर धूर देतो आणि ब्रीदरमधून वाफा मारतो. त्यानंतर मिस्त्री कितीही चांगला असला तरी इंजिन उघडण्याशिवाय त्याच्या हातात काही राहत नाही. ते बिल पाच आकडी असते आणि हे ऐन पेरणीत होते.

ही वाटी काढायला बहुतेक ट्रॅक्टरांत पानासुद्धा लागत नाही, क्लिप असते. धुळीच्या कामात रोज, म्हणजे दहा तासांनी, ती उघडून बघावी. तळाशी गाळाचा थर दिसला तर ऑइल टाकून द्यावे, वाटी डिझेलने धुवावी, पुसावी आणि नवे ऑइल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरू नये. जास्तीचे ऑइल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते आणि इंजिन आपोआप पळत सुटण्याचा धोका असतो. "थोडं जास्त घातलं तर बरंच" हे इथे चालत नाही. वरची धुळीची वाटीही अर्धी भरायच्या आत झटकावी. नव्या ट्रॅक्टरात कागदी फिल्टर असतो. तो हळू थोपटून किंवा कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर साफ करावा. तो डिझेलने किंवा पाण्याने धुऊ नये, टायरवर आपटू नये. आत दुसरा छोटा फिल्टर असतो, तो साफ करायचा नसतो, वेळ आली की बदलायचा असतो.

आणि एक गोष्ट मिस्त्रीही कधी कधी विसरतात. क्लिनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप. त्याला बारीक चीर गेली किंवा क्लिप ढिली झाली की वाटी कितीही स्वच्छ असून उपयोग नाही. पाइप काढून आत बोट फिरवा. बोटाला माती लागली तर क्लिनरच्या पुढे कुठे तरी गळती आहे असे समजावे.

एअर क्लिनरनंतर इंजिन ऑइल. सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर पट्टी काढून बघायची, हे सगळ्यांना माहीत आहे, करतात मात्र थोडे. पण नुसती पातळी बघून भागत नाही, ऑइल काय सांगते ते वाचता आले पाहिजे. पातळी वारंवार कमी होत असेल तर कुठे गळते किंवा इंजिन पिते. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, इंजिन चालूच करू नये. आणि न भरता पातळी वाढली, पट्टीला डिझेलचा वास आला, तर "बरं झालं, ऑइल वाढलं" असे नव्हे. डिझेल खाली उतरत आहे, ऑइल पातळ झाले आहे आणि बेअरिंगला धोका आहे. या तिन्ही गोष्टी दुरुस्त करायच्या मिस्त्रीने, पण ओळखायच्या मालकाने. मिस्त्रीला फोनवर "बिघडलाय, या" एवढेच सांगणे आणि "आठ दिवसांत पातळी वाढली, डिझेलचा वास येतो" हे सांगणे यात त्याची एक खेप आणि तुमचा एक दिवस वाचतो.

ऑइल कधी बदलायचे? पुस्तकात तासांवर दिलेले असते. पहिली सर्व्हिस बहुधा ५० तासांना, पुढे मॉडेलप्रमाणे. अडचण अशी की आपल्याकडे निम्म्या जुन्या ट्रॅक्टरांचे तासमीटर बंद पडलेले दिसतात. मग "मागच्या दिवाळीत बदललं होतं" यावर कारभार चालतो. दिवाळीपासून ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीवर होता की शेडमध्ये उभा होता, याचा त्यात हिशेब नसतो. अशांनी डिझेलवरून तास काढावेत. मशागतीत तासाला सरासरी ४ लिटर डिझेल जाते असे धरले तर २५० तास म्हणजे १००० लिटर. तुमच्या ट्रॅक्टरची सरासरी एक दिवस टाकी भरून, काम करून, पुन्हा टाकी भरून काढता येते. डिझेलची पावती तर प्रत्येक जण मागतोच. त्याच वहीत एक रकाना वाढवा, झाले. ऑइलबरोबर फिल्टरही बदलावा. जुना फिल्टर ठेवून नवे ऑइल भरणे म्हणजे आंघोळ करून मळके कपडे घालणे.

डिझेलच्या बाबतीत सवय एवढीच हवी, की टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. रात्रभर अर्धी रिकामी टाकी थंड झाली की आतल्या हवेतल्या बाष्पाचे पाणी धरते आणि ते खाली जमते. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून ते पाणी काढून टाकावे. टाकी कोरडी पडून पंपात हवा धरली तर त्यासाठी मिस्त्रीला बोलवायची गरज नाही. आधी फिल्टरवरचा, मग पंपावरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की आवळायचा. एकदा मिस्त्री करत असताना बाजूला उभे राहून बघितले की जन्मभर येते.

बाकीची कामे थोडक्यात. रेडिएटरच्या जाळीत मळणीचा भुसा अडकतो, तो रोज झटकावा. गरम असताना झाकण उघडू नये. विहिरीचे, बोअरचे क्षाराचे पाणी घालू नये, पुस्तकात सांगितलेले कूलंट घालावे. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघावा, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे आणि टर्मिनल पुसून व्हॅसलिन लावावे. बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह वायर सोडावी. निप्पल पुसूनच ग्रीस मारावे, नाही तर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. हे सगळे मिळून रोजची पंधरा-वीस मिनिटे आहेत. ड्रायव्हरने केली तरी चालेल, पण मालकाने आठवड्यातून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावे. आणि हे काम इंजिन बंद करूनच. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचे टोक, उपरण्याचे टोक, पोरांच्या जर्किनची दोरी, काहीही अडकले की माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचे झाकण "ग्रीस मारताना आडवे येते" म्हणून काढून फेकणारे महाभाग गावोगाव आहेत. ते झाकण परत बसवा.

आता हात कुठे लावू नये ते. फ्युएल पंपाचे सील तोडून "डिझेल वाढवून" ताकद वाढवण्याची टूम आहे. काळा धूर येतो, रोटाव्हेटर जोरात ओढतो असे वाटते, पण इंजिन तापते आणि डिझेल फुकट जळते. नोजल खोलून दगडावर घासणे, फवारा कसा येतो हे तळहात पुढे धरून बघणे, हे तर मुळीच नको. त्या दाबाचे डिझेल कातडी फोडून आत शिरते आणि जखम बारीक दिसली तरी हात गमवायची वेळ येते. हेड, क्लच, हायड्रॉलिक, ब्रेकच्या प्लेटा हीही मिस्त्रीचीच कामे. ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले. त्यानंतरच्या अशा ट्रॅक्टरांत इंधनाची यंत्रणा बहुधा कॉम्प्युटरवर चालते. तिथे गल्लीतल्या मिस्त्रीनेही हात घालू नये. वॉरंटीत असताना सर्व्हिस कंपनीच्या माणसाकडूनच करून पुस्तकात शिक्का घ्यावा, पण एअर क्लिनर शिक्क्याच्या भरवशावर ठेवू नये.

मिस्त्रीबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत. तो लुटतो अशी तक्रार ऐकू येते. पण आपण त्याच्याकडे जातो कधी? नांगरट, सरी, पेरणी सगळे एकदम आल्यावर, ट्रॅक्टर पूर्ण बसल्यावर आणि "उद्या सकाळी द्या" म्हणून. घाईत झालेले काम घाईसारखेच होते. चैत्रात, रान मोकळे असताना ट्रॅक्टर नेला तर तोच मिस्त्री निवांत बघतो. काम सांगताना पार्ट कोणता बदलणार ते आधी विचारावे, जुना पार्ट परत मागून घ्यावा, ऑइलचा डबा आपल्यासमोर फोडावा. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

शेवटचा मुद्दा गटाच्या ट्रॅक्टरांचा, आणि तो खास ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक भाऊसाहेब, आणि आमच्या कृषी खात्यातल्या मंडळींसाठी. २०१४-१५ पासून यांत्रिकीकरणाच्या योजनेतून गावोगाव अवजारे बँका उभ्या राहिल्या. हेतू चांगला, लहान शेतकऱ्याला भाड्याने अवजार मिळावे. पण घरच्या ट्रॅक्टरला निदान एक मालक असतो. गटाच्या ट्रॅक्टरला वीस मालक असतात आणि ग्रीस मारायला एकही नाही. जो नेतो तो काम उरकून आणून लावतो. वाटी उघडायची ती पुढच्याने, अशी प्रत्येकाची समजूत. अशाने ट्रॅक्टर दोन हंगामांत थकतो, मग दुरुस्तीची वर्गणी निघत नाही, भांडण लागते, ट्रॅक्टर शेडमध्ये आणि लहान शेतकरी पुन्हा खासगी भाडेवाल्याच्या दारात.

आपल्या मोका तपासणीत बिल, चेसिस नंबर, फोटो सगळे बघितले जाते. ऑइल कधी बदलले हा रकाना मात्र नाही. तो असावा. तोवर गटांनीच ठराव करावा: ट्रॅक्टरची वही ट्रॅक्टरबरोबर फिरेल, नेणारा आणि आणणारा दोघेही त्यात तास, डिझेल आणि एअर क्लिनर बघितल्याची सही करतील, भाड्यातली तासामागे ठरलेली रक्कम दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात जाईल आणि देखभालीला गटातला एकच माणूस, मानधन देऊन, नेमला जाईल. तो गावातला आयटीआय झालेला पोरगा असेल तर उत्तमच. त्याला मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्थेत पाठवता येते का, याची चौकशी आमच्या कार्यालयात करावी. १९५५ पासून ही संस्था हेच काम करते आहे. जुने काळे ऑइल ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला न ओतता साठवायला ग्रामपंचायतीने एक पिंप ठेवले तर तोही खर्च फार नाही.

आणि यंदा तपासणीला जाल तेव्हा फोटोसाठी ट्रॅक्टरपुढे उभे राहण्याआधी, त्या ऑइल बाथची वाटी काढून दाखवायला सांगा.