गुराब बांधायची? आधी आराखडा दाखवा!

समुद्रापासून इतक्या लांब, शनिशिंगणापुरात राहणारा माणूस गुराबीच्या आराखड्याची चौकशी करू लागला की लोकांना त्याच्या साडेसातीची शंका येते. येवो. मला मराठ्यांचं दोन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज, म्हणजे गुराब, प्रत्यक्ष बांधता येईल असा कागद हवाय. कणा किती लांब, फासळ्यांचा बाक कसा, फळी किती जाड, काठी नेमकी कुठे रोवायची, हे सांगणारा. हाती येतं काय? पोवाडा, कान्होजी आंग्र्यांचं तैलचित्र आणि काचेच्या पेटीतलं शोभेचं गलबत. एका कचेरीत तर ‘कपाटाची किल्ली साहेबांकडे आहे’ असं ऐकवलं. घरांना दारं नसलेल्या गावच्या माणसाला!

विद्वान मंडळी लगेच भोजराजाच्या नावावरचा ‘युक्तिकल्पतरू’ पुढे करतात. त्यातली लांब जहाजांची यादी एकदा डोळे उघडून वाचा. ‘दीर्घिका’ 32 हात लांब, 4 हात रुंद. ‘वेगिनी’ 176 लांब, 22 रुंद. दहाच्या दहा जहाजांची रुंदी लांबीच्या आठव्या हिश्श्याची, उंची दहाव्या! हा आराखडा नव्हे, पाढा आहे. नाळ कशी वळते, पोट कुठे फुगतं, ते या यादीवरून कळत नाही. पाढे म्हणून सुतार फळी कापत नसतो.

आंग्र्यांचं आरमार 1756 मध्ये विजयदुर्गात जळालं, तेव्हा नमुनाही गेला. कागदाचं मोल इंग्रजांना विचारा. ‘त्रिंकोमाली’ हे जहाज मुंबईत वाडिया या जहाजबांधणाऱ्या घराण्याकडून बांधून घ्यायचं ठरलं. त्याचे नकाशे आणणारी ‘जावा’ ही इंग्रजी युद्धनौका 1812 मध्ये अमेरिकनांच्या हाती पडून बुडाली. नव्या प्रती मुंबईत यायला 1816 उजाडलं, तोवर काम खोळंबलं. सागवानाचं ते जहाज आज हार्टलपूलला दिमाखात उभं आहे. आणि आपल्या फतेमारी गलबताची मापं घेऊन ठेवली कोणी? पारी नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानं!

‘सगळं मिस्त्रीच्या डोक्यात असतं हो.’ मान्य. म्हणूनच ते मिस्त्रीबरोबर चितेवर जातं. नौदलाच्या ‘कौंडिण्य’ या शिवलेल्या जहाजाचंच बघा. जुना आराखडा नव्हता, आधार अजिंठ्याच्या चित्राचा. बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या केरळी कारागिरांनी फळ्या खिळे न ठोकता काथ्यानं शिवल्या (शनिवारी लोखंड न घेणाऱ्या आमच्या भाविकांना चालेल असं जहाज), मद्रासच्या आयआयटीच्या मदतीनं प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या, 2025 मध्ये ते नौदलात आलं आणि पुढे पोरबंदरहून मस्कतला पोचलंही. म्हणजे जमतं. पण तिथे संस्कृती मंत्रालयाचा पैसा होता, नौदल पाठीशी होतं. आमच्यासारख्यानं काय अजिंठ्याच्या भिंतीला फूटपट्टी लावायची?

तेव्हा ‘कौंडिण्य’साठी केलेले सगळे आराखडे, फसलेलेसुद्धा, मागेल त्याला मिळाले पाहिजेत. पैसा जनतेचा आहे. खाडीत कुजत पडलेला प्रत्येक लाकडी सांगाडा या पावसाळ्याआधी फीत लावून मोजा. म्हातारे मिस्त्री आहेत तोवर त्यांच्याजवळ कागद घेऊन बसा, आणि त्या बसण्याची त्यांना मजुरी द्या. सत्काराची शाल नको.