जोडणीचा हक्क आणि भंडाऱ्याचा ग्राहक

दूरध्वनी क्षेत्रात एकापेक्षा अधिक कंपन्या आल्या की दर उतरतात आणि सेवा सुधारते, असा समज १९९० च्या दशकापासून रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. कापडाच्या दुकानाशेजारी दुसरे दुकान निघाले तर ग्राहकाला केवळ पलीकडच्या पायरीवर चढावे लागते. दूरध्वनीचे तसे नाही. नव्या कंपनीचा फोन घेणाऱ्याला जुन्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलता आले नाही, तर तो फोन निरुपयोगी ठरतो. त्यामुळे या क्षेत्रात परवाने वाटून स्पर्धा येत नाही. प्रस्थापिताने प्रतिस्पर्ध्याला आपल्या जाळ्यात न्याय्य अटींवर जोडून घेतले, तरच ती येते.

भंडारा जिल्ह्याला हे तत्त्व नवे नाही. येथील मामा तलावांचे पाणी पिढ्यान्पिढ्या पाळीने वाटले जात आले. तोंडाशी शेत असलेल्याने पाट अडवला तर टोकाच्या बांधीतला धान वाळतो, म्हणूनच पाळीचे नियम झाले. दूरसंचार क्षेत्रातील आंतरजोडणीचे नियम हे त्याच जातीचे आहेत. फरक इतकाच की, येथे तोंडाशी बसलेला शेतकरी नसून हजारो कोटींची उलाढाल करणारी कंपनी असते.

तालुक्याच्या वेशीवर अडलेला फोन

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ‘ट्राय’ अस्तित्वात आले, १९९९ मध्ये नवे धोरण आले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याच्या सेवा ‘भारत संचार निगम’कडे गेल्या. परंतु गावोगावची तार आणि केंद्रे निगमाच्याच ताब्यात राहिली. नव्या कंपनीला ग्राहक मिळवण्यापूर्वी आपल्या या प्रतिस्पर्ध्याच्याच दारात जोडणी मागण्यासाठी उभे राहावे लागत असे.

त्या काळातील मर्यादांचे उत्तम उदाहरण म्हणजे २००१ मध्ये परवानगी मिळालेली ‘मर्यादित फिरती’ सेवा. बिनतारी जोडणीचा हा फोन साधारणतः तालुक्याएवढ्या असलेल्या लघु अंतर आकारणी क्षेत्रातच चालावा, अशी अट होती. म्हणजे तुमसरच्या व्यापाऱ्याने असा फोन घेतला, तर भंडाऱ्याच्या बाजारात पोहोचेपर्यंत तो मुका झालेला असे. अडथळा तंत्रज्ञानाचा नव्हता, तो परवान्याचा होता. भ्रमणध्वनी कंपन्यांनी या सेवेविरुद्ध न्यायालयीन लढा दिला आणि अखेर नोव्हेंबर २००३ मध्ये एकत्रित परवाना पद्धती आणून सरकारला त्या वादावर पडदा टाकावा लागला.

त्याच वर्षी, १ मे २००३ पासून, आंतरजोडणी वापर शुल्काची व्यवस्था लागू झाली. फोन करणाऱ्याच्या कंपनीने तो स्वीकारणाऱ्याच्या कंपनीला ठरावीक रक्कम द्यायची, हे तिचे सूत्र. येणाऱ्या फोनसाठी पैसे मोजण्याचा जाच त्यामुळे संपला. मात्र त्यासोबत ‘प्रवेश तूट शुल्क’ही आले. ग्रामीण भागात खर्चापेक्षा कमी भाड्यात तारेचा फोन देणाऱ्या निगमाची तूट इतर कंपन्यांनी भरून काढावी, असा त्यामागचा हेतू होता. तो गैर म्हणता येणार नाही. विखुरलेल्या, जंगलालगतच्या वस्तीपर्यंत खांब रोवून तार नेणे हा नफ्याचा व्यवहार कधीच नव्हता. तथापि, प्रतिस्पर्ध्यांकडून थेट प्रस्थापिताच्या तिजोरीत जाणारा पैसा हा कायमचा तोडगा असू शकत नव्हता. २००८ मध्ये हे शुल्क संपुष्टात आले आणि ग्रामीण सेवेचा भार सार्वत्रिक सेवा निधीवर आला.

भूमिका बदलल्या, भांडण तेच

तोपर्यंत चित्र पालटू लागले होते. ज्या खासगी कंपन्या निगमाच्या दारात ताटकळल्या होत्या, त्याच आता प्रस्थापित झाल्या. ५ सप्टेंबर २०१६ रोजी ‘रिलायन्स जिओ’ची सेवा सुरू झाली, तेव्हा जोडणी मागणारा नवा होता आणि दार सांभाळणारे होते एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया. जोडणीच्या ठिकाणी हजार फोनपैकी पाचांहून अधिक अडू नयेत, असा नियम असताना शंभरातील पंच्याहत्तरच्या आसपास फोन अडत असल्याचे ‘ट्राय’ला आढळले. जिओचे म्हणणे असे की, मागितलेल्या जोडण्या मुद्दाम दिल्या जात नाहीत. जुन्या कंपन्यांचा युक्तिवाद असा की, फुकट फोनचा लोंढा सोडायचा आणि तो झेलण्याचा खर्च आमच्यावर टाकायचा, ही कसली स्पर्धा? दोन्ही बाजूंत तथ्यांश होता. मात्र लागत नसलेला फोन हातात धरून बसलेला ग्राहक दोन्हीकडचा होता, याचा विसर दोघांनाही पडला.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘ट्राय’ने या तीन कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांचा दंड करण्याची शिफारस केली. त्या दंडाची मागणी दूरसंचार विभागाकडून कंपन्यांच्या हाती पडली ती २०२१ मध्ये. मधल्या काळात व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, अनेक लहान कंपन्या बाजारातून उठून गेल्या आणि जिओ देशातील सर्वात मोठी कंपनी बनली. पाच वर्षांनी बजावलेला दंड, तोही न्यायालयीन आव्हानाच्या छायेत, कोणाला धाक घालणार? नियमाची किंमत त्याच्या शब्दांत नसून त्याच्या वेळेत असते, हा या प्रकरणाचा धडा होय.

तो काही अंशी घेतलाही गेला. १ जानेवारी २०१८ च्या आंतरजोडणी विनियमांनी भेदभावरहित जोडणीसाठी मुदत घालून दिली आणि दिरंगाईवर दिवसागणिक आर्थिक भुर्दंडाची तरतूद केली. भ्रमणध्वनीवरील वापर शुल्कही १४ पैशांवरून ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ पैशांवर आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर आले. एका जाळ्यातून दुसऱ्यात फोन जाण्याचा प्रश्न अशा रीतीने बऱ्याच अंशी सुटला आहे.

आता प्रश्न मनोऱ्याचा

परंतु भंडाऱ्याच्या ग्राहकाचा प्रश्न तेथे संपत नाही. मुंबई-कोलकाता महामार्गावरील भंडारा, लाखनी, साकोली या पट्ट्यात गिऱ्हाईक दाट, म्हणून कंपन्यांचा ओढा साहजिकच तिकडे. कोका अभयारण्याच्या कडेची वस्ती किंवा तुमसर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याची गावे यांचे गणित वेगळे असते. ज्या गावात एकाच कंपनीचा मनोरा पोहोचतो, तेथे क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याचा, २०११ पासून देशभर मिळालेला हक्क कागदावरच राहतो. दुसऱ्या कंपनीचा संकेतच येत नसेल, तर जायचे कोठे? जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा शहरातील ग्राहकाला निगमाकडे वळण्याचा पर्याय होता. एकमनोरी गावाला तोही नव्हता.

ही गैरसोय आता केवळ गप्पागोष्टींपुरती नाही. ई-पीक पाहणीतील नोंद शिवारातून भ्रमणध्वनीवर करावी लागते आणि धानाच्या सरकारी खरेदीसाठी सातबाऱ्यावरची पिकाची नोंद लागते. रास्त भाव दुकानातील धान्य अंगठ्याच्या ऑनलाइन पडताळणीवर मिळते. ज्या शासनाने या सेवा संकेतावर अवलंबून ठेवल्या, त्यानेच संकेताच्या निवडीची हमी द्यायला नको काय?

मनोरे वाटून वापरण्यास २००८ मध्ये आणि विद्युत उपकरणेही वाटून घेण्यास २०१६ मध्ये वाढीव मुभा मिळाली. परंतु ती मुभाच आहे, बंधन नाही. जेथे दोघांचा फायदा, तेथे कंपन्या मनोरा वाटतात. जेथे मनोरा हीच एकाची मक्तेदारी, तेथे वाटत नाहीत. त्या दृष्टीने १७ जानेवारी २०२५ रोजी जाहीर झालेली व्यवस्था महत्त्वाची आहे. ‘डिजिटल भारत निधी’च्या, म्हणजे पूर्वीच्या सार्वत्रिक सेवा निधीच्या, पैशातून उभ्या राहिलेल्या सुमारे २७ हजार मनोऱ्यांवर निगम, एअरटेल आणि जिओ यांच्या ग्राहकांना एकमेकांचा संकेत वापरता यावा, असे ठरले. लाभार्थी गावांची संख्या ३५ हजारांवर सांगण्यात आली. सार्वजनिक पैशाचा मनोरा सर्वांचा, हे तत्त्व मान्य झाले, ही मोठीच गोष्ट म्हटली पाहिजे.

सक्ती झाली तर दुर्गम भागात पहिला मनोरा कोण उभारील, असा आक्षेप कंपन्या घेतात. तो टाळता येण्यासारखा नाही. स्वतःच्या पैशाने धोका पत्करणाऱ्याला काही काळ त्याचे फळ मिळावे. पण ती मुदत सरल्यावर खर्चाधारित, उघड भाडे घेऊन त्याने मनोरा इतरांना खुला करावा, असा मध्यम मार्ग निघू शकतो. आंतरजोडणीत जे बंधन स्वीकारले गेले, ते मनोऱ्याबाबत अशक्य ठरावे असे काही नाही.

त्यासाठी मोजमापाचे एककही बदलावे लागेल. परवान्याच्या नकाशावर भंडारा ज्या ‘महाराष्ट्र’ मंडळात येतो, त्यात पुणे, नागपूर आणि गोवाही आहेत. त्या सरासरीत लाखांदूर किंवा पवनीचे दुखणे दिसत नाही. ऑगस्ट २०२४ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांनी मात्र सेवा खंडित होण्याबाबत जिल्हा हे एकक मानले असून, कंपन्यांना आपल्या संकेताचे नकाशेही प्रसिद्ध करावे लागतात. हे नकाशे एकावर एक ठेवले की कोणत्या गावात एकच कंपनी आहे, हे जिल्हा प्रशासनाला समजू शकेल. अशा गावांची यादी ग्रामसभांकडून पडताळून घ्यावी आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ती दूरसंचार विभागाकडे जावी. प्रतिस्पर्ध्याच्या दारात जोडणीसाठी उभे राहण्याची वेळ एकेकाळी कंपन्यांवर आली होती. आज तीच वेळ या गावांवर आली आहे आणि त्यांच्या बाजूने ‘ट्राय’कडे दाद मागणारी कोणतीही कंपनी नाही.