टॅपेट कव्हरची गळती : पाना आवळू नका, कारण शोधा



गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस वाहतुकीच्या करारांची गडबड सुरू होते. ट्रॅक्टरचे कागद बघितले जातात, टेलरचे टायर बघितले जातात, टोळीची उचल ठरते. पण इंजिनाच्या माथ्यावरून ऑइल ओघळत असले, तर त्याची चौकशी कुणी करत नाही. केलीच तर उत्तर ठरलेले असते : "जुनी गाडी हाय, थोडं गळणारच. चालतंय की!"

या 'चालतंय की'बद्दल आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत. गाडी जुनी आहे हे गळतीचे कारण नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गळतीला कारण असते आणि ते बहुधा साधे असते. ते शोधायचे सोडून आपण पाना आवळतो, नाहीतर वरून पेस्ट थापतो. त्यात नुकसान एकट्या ट्रॅक्टरवाल्याचे होत नाही. ज्याच्या दारात ट्रॅक्टर नाही अशा सभासदाच्याही खिशाला ते लागते. ते कसे, हे पुढे सांगतो.

आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरांची संख्या काही थोडी नाही. 1963 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा बी-275 जुन्या लोकांना ठाऊक आहे. मॅसी फर्ग्युसनचा 1035 तर घरातल्या बैलासारखा वागवलेला ट्रॅक्टर. एचएमटीने 1971 साली झेटरच्या धर्तीवर ट्रॅक्टर काढावयास सुरुवात केली. त्यांचा पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 साली घेतला, तरी त्यांच्या गाड्या शेतात दिसतात. ही इंजिने दणकट आहेत. वेळच्या वेळी लक्ष दिले तर ती आणखी पुष्कळ हंगाम काढतील. नवा ट्रॅक्टर म्हणजे नवे कर्ज. ऑइल गळते एवढ्याच कारणाने चांगली गाडी मोडीच्या भावाने देणे हा व्यवहार आम्हांस पटत नाही.

थेंबाचा हिशेब

दहा सेकंदांना एक थेंब म्हणजे कुणाच्या डोळ्यांतही येणार नाही. पण तासाला हे 360 थेंब झाले आणि दहा तास गाडी चालली तर 3,600. वीस-पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला दीडशेच्या आसपास मिलिलिटर ऑइल जमिनीवर गेले. चार महिन्यांच्या हंगामात हा आकडा 18 लिटरपर्यंत जातो. एक लिटर ऑइलच्या पैशात टॅपेट कव्हरचे पॅकिंग येऊन वर पैसे उरतात. मग 18 लिटर ओतून पॅकिंगचे पैसे वाचवले, याला काटकसर म्हणावे काय?

पैशापेक्षा मोठी गोष्ट आगीची आहे. टॅपेट कव्हरमधून गळलेले ऑइल पुष्कळ गाड्यांत खालच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडते. तो भाग किती तापतो हे हात लावून बघायची गरज नाही. ऑइलचा धूर होतो, वास येतो, डायव्हर सवयीने दुर्लक्ष करतो. त्यात आपले काम फडातले. वाळके पाचट, पाला, उसाचे तूस इंजिनाभोवती अडकते आणि ऑइलने भिजते. कुणी मॅनिफोल्डवर ऑइलचा बोळा विसरला तर मग बोलायलाच नको. वाळल्या फडात एक ठिणगी पुरते, हे ऊसवाल्याला आम्ही सांगावे असे नाही.

आधी गळती कुठली ते बघा

ऑइल खाली दिसते म्हणून खालीच गळते असे नाही. माथ्यावरून निघालेला ओघळ इंजिनाच्या मागच्या अंगाने उतरतो आणि क्लच हाऊसिंगच्या खाली थेंब लागतो. बघणारा म्हणतो, "मागचं सील गेलं." मग ट्रॅक्टर मधून उकलायचा, दोन-चार दिवस गाडी उभी आणि खर्च वेगळाच. एवढे करूनही गळती तशीच, कारण ऑइल वरून येत होते. कधी त्याच्या उलटही होते. इंजेक्टरकडून परत येणारी बारीक नळी डिझेल टाकत असते आणि दोष टॅपेट कव्हरला मिळतो. बोटांवर चोळून वास घेतला तरी डिझेल आणि ऑइल यांतला फरक कळतो.

यासाठी इंजिन गार असताना डिझेल आणि ब्रशने माथा स्वच्छ धुवावा, कापडाने कोरडा करावा. कव्हरच्या खालच्या कडेने खडूची बारीक भुकटी किंवा अंगाला लावायची पावडर भुरभुरावी. एअर क्लीनरपासून ती दूर ठेवावी. मग इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवावे. जिथे पावडर आधी काळी पडली तिथे गळती. शोध नेहमी वरून खाली करावा, कारण ऑइल वर चढत नाही.

गळती टॅपेट कव्हरचीच ठरली, तर लगेच पान्याला हात घालू नये. आधी डिपस्टिक बघावी. गाडी सपाट जागेवर हवी. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल तर जादा भरले काय, याचा विचार करावा. जादा भरले नसताना पातळी वाढत असेल आणि ऑइल पातळ लागत असेल, तर त्यात डिझेल उतरत असण्याची शंका घ्यावी आणि फ्युएल पंप दाखवावा. तशा ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंग जातात.

त्यानंतर ब्रीदर. हा भाग सगळ्यांत दुर्लक्षित. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तो बाहेर जावा म्हणून ब्रीदर असतो. कुठे तो टॅपेट कव्हरवरच असतो, कुठे इंजिनाच्या बाजूला. धूळ, चिकटा आणि पाचटाचा भुसा यांनी तो चोंदला की आतला दाब वाढतो आणि सापडेल त्या फटीतून ऑइल बाहेर रेटतो. चुलीवरच्या पातेल्याचे झाकण दाबून धरले तरी वाफ कडेने निघतेच, तसाच हा प्रकार. ब्रीदर डिझेलने धुऊन मोकळा केला की काही गाड्यांची गळती पॅकिंग न बदलताच कमी होते.

ब्रीदर साफ आहे, तरी त्यातून भकाभका धूर येतो आहे, असे असेल तर रोग वेगळा. रिंगा आणि लायनर झिजले असे समजावे. अशा इंजिनावर पॅकिंग कितीही नवे घातले तरी फार दिवस टिकणार नाही. तिथे पॅकिंग विकणाऱ्याला आणि बसवणाऱ्या मेस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. इंजिन कामाला काढावे लागेल आणि ते हंगामाच्या आधीच काढावे.

पाना आवळला की काय होते

जुन्या इंजिनांवर पुष्कळदा कॉर्कचे पॅकिंग असते. उष्णतेने कॉर्क वाळतो, आकसतो, कडक होतो. गळती दिसली की आपला पहिला उपाय म्हणजे लांब दांड्याचा पाना घेऊन नट आवळणे. दोन दिवस गळती थांबल्यासारखी वाटते. पण पत्र्याचे कव्हर नटाच्या जागी खाली दबते आणि दोन नटांच्या मधे उचलते. कॉर्क नटापाशी चिरडतो आणि मधली फट वाढते. म्हणजे जितके आवळावे तितके गळावे! कव्हर बिडाचे किंवा ॲल्युमिनियमचे असेल तर ते तडकते, नाहीतर स्टडचे आटे जातात. दहा मिनिटांच्या कामाचे मग दोन दिवसांचे काम होते.

दुसरा उपाय पेस्टचा. सिलिकॉनची नळी पिळून कव्हरभोवती जाड थर द्यायचा. बाहेरून जेवढी पेस्ट दिसते तेवढीच आतही निघते. तिचे तुकडे सुटून ऑइलबरोबर खाली जातात आणि चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतात. जाळी चोंदली की ऑइलचा दाब गेला आणि दाब गेला की क्रँक गेला. शिवाय कॉर्कला जादा पेस्ट लावली तर कॉर्क निसटून बाहेर सरकतो. पेस्टचे आम्ही वैरी नाही. जिथे कंपनीने सांगितली तिथे सांगितली तेवढी लावावी. पण ती पॅकिंगची जागा घेऊ शकत नाही.

नीट काम करायचे तर रीत अशी. कव्हर खोलण्याआधी भोवतालची माती पूर्ण साफ करावी. कव्हर काढल्यावर पुशरॉडच्या भोकांवर स्वच्छ कापड घालावे आणि किती तुकडे घातले ते मोजून ठेवावे. झाकताना तितकेच निघाले पाहिजेत. जुने पॅकिंग बोथट पट्टीने खरवडावे. छिन्नीने हेडला ओरखडे पाडू नयेत. कव्हर काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवून डोलते काय बघावे. पत्र्याचे असेल तर नटाच्या भोकांपाशी उठलेला भाग लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने सपाट करावा. नवे पॅकिंग कव्हरच्या बाजूला शेलॅकच्या पातळ हाताने चिकटवावे आणि हेडची बाजू कोरडी ठेवावी. पुढच्या वेळी कव्हर उचलताना ते फाटत नाही. नटाखालचे वायसर नवे घालावेत. गळती कित्येकदा पॅकिंगमधून नसते, वायसरखालून असते. नट मधून सुरुवात करून बाहेर असे थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत, आखूड पान्याने आवळावेत. इंजिन एकदा तापून गार झाले की हलका हात पुन्हा फिरवावा, कारण कॉर्क बसतो. आणि कव्हर उघडलेच आहे तर कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे टॅपेट सेट करून घ्यावेत. एका मजुरीत दोन कामे होतात.

निघालेले जुने ऑइल आणि धुतलेले डिझेल सरीत किंवा ओढ्यात सोडू नये. डब्यात साठवून जुने ऑइल रीतसर घेणाऱ्यालाच द्यावे. ज्या पाण्यावर आपला ऊस वाढतो तेच पाणी आपण नासवायचे काय?

सामान कुठले, वेळ कुठली

शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली वसवलेली पेठ. ती गुळाच्या व्यापारासाठी उभी राहिली. म्हणजे ऊस पिकवणाऱ्याचा आणि शाहूपुरीचा संबंध कारखाने निघायच्या आधीपासूनचा आहे. तिथल्या गल्ल्यांतून आणि पलीकडच्या शिवाजी उद्यमनगरातून पार्ट आणि कसबी हात मिळणे आपल्याला अवघड नाही. ऑइल इंजिने घडवणाऱ्या या गावाला पॅकिंगचे अप्रूप ते काय? पार्ट घ्यायला जाताना फक्त मॉडेल सांगू नये, जुने पॅकिंग बरोबर न्यावे आणि भोकाला भोक लावून बघावे. हाताने दाबून कॉर्क मोडतो काय, दुमडून ठेवल्याने चिरला आहे काय, हेही बघावे. दुकानात वर्षानुवर्षे टांगून वाळलेले पॅकिंग नवे म्हणून घेऊ नये.

वेळ म्हणाल तर गणपती ते दसरा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मूर्ती ठरवायला जाणारा माणूस येताना पॅकिंग घेऊन येऊ शकतो. मोळी पडल्यावर मेस्त्रीही सापडत नाही आणि गाडी उभी करायला सवडही सापडत नाही.

हा सगळ्या सभासदांचा प्रश्न

आता ज्यांच्या दारात ट्रॅक्टर नाही त्यांच्याविषयी. तोडलेला ऊस फडात किंवा वाटेत टेलरवर थांबला की वजन घटते आणि रसातली साखर उतरते. गाडी बंद पडली की टोळी बसून राहते, पाळी चुकते. आपल्या उसाचा दर साखर उताऱ्याशी बांधलेला आहे. 2009 साली एफआरपीची पद्धत आली, त्यातही उतारा हाच पाया राहिला. शिळा ऊस गव्हाणीत पडला तर उतारा एकट्याचा घटत नाही, कारखान्याचा घटतो. तोडणी-वाहतुकीचा खर्चही आपल्याच बिलातून वजा होतो. म्हणून वाटेत धूर काढत उभा राहिलेला ट्रॅक्टर 'त्याचा' म्हणून सोडून देता येत नाही.

आमच्या तीन सूचना आहेत. एक, वाहतूक करार करताना कागदांबरोबर इंजिनाचीही तपासणी व्हावी. गट ऑफिसवर एक दिवस एक फिटर बसवला तर हे होण्यासारखे आहे. गळती आढळली म्हणून कुणाला करार नाकारू नये. कारण लिहून चिठ्ठी द्यावी आणि दुरुस्तीला मुदत द्यावी. दोन, नेहमीच्या मॉडेलांची पॅकिंग, वायसर आणि ब्रीदरचे सामान कारखान्याने एकत्र खरेदी करून रास्त दराने द्यावे. खते एकत्र आणता येतात, तर पॅकिंग का नाही? तीन, डायव्हर मंडळींना बोलावून कव्हर कसे बसवावे हे प्रत्यक्ष दाखवावे. गाडी त्यांच्या हातात असते आणि पहिला थेंब त्यांनाच दिसतो. "ऑइल लागतंय, मालक" असे डायव्हरने सांगितले तर मालकाने त्याच्यावर खेकसू नये. सांगणारा डायव्हर इंजिन वाचवतो.

खर्च कशाला, असे काही जण म्हणतील. एका दिवसाचा फिटर आणि पेटीभर पॅकिंग यांचा खर्च एका बाजूला ठेवावा. रस्त्यात अडकलेल्या उसाचे नुकसान दुसऱ्या बाजूला ठेवावे. वजनकाट्यावर बारीक नजर ठेवणाऱ्या आपल्या सभासदांना हा काटा वाचता येत नाही, असे आम्ही मानत नाही. यंदाच्या वार्षिक सभेत हा विषय कुणीतरी मांडावा आणि संचालक मंडळाने त्याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. तोवर ज्याच्या त्याच्या गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या गाडीखाली एक जुने पोते अंथरावे आणि सकाळी त्याच्यावर डाग पडला आहे काय, एवढे तरी बघावे.