फुकट ते पौष्टिक?

'फुकट ते पौष्टिक' ही म्हण मराठी माणूस बहुधा हसतच उच्चारतो. तिच्यातील उपहास सर्वांना ठाऊक असतो. तरीही फुकट मिळालेल्या वस्तूची चौकशी करावी, असे सहसा कोणाला वाटत नाही. डिजिटल अर्थव्यवस्थेने मानवी स्वभावातील नेमकी हीच बाजू हेरली आहे. माहितीचा शोध विनामूल्य, नकाशे विनामूल्य, संदेशसेवा विनामूल्य आणि भाजीवालीला कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये भ्रमणध्वनीवरून देणेही विनामूल्य. ग्राहकाच्या खिशातून काहीच जात नसेल, तर बाजारात कोण मोठा झाला आणि कोण बाहेर फेकला गेला याची उठाठेव त्याने कशासाठी करावी, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. या प्रश्नाचे उत्तर शोधणे हेच आज स्पर्धा कायद्यापुढील सर्वांत अवघड काम आहे.

आकाराकडून आचरणाकडे

स्वतंत्र भारताने मक्तेदारीचा विचार प्रथम केला तो आकाराच्या अंगाने. मूठभर उद्योगघराण्यांच्या हाती आर्थिक सत्ता एकवटू नये, ही १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियमामागील धारणा होती. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली आणि मोठे होण्यालाच आडकाठी करणारा कायदा कालबाह्य वाटू लागला. राघवन समितीच्या अहवालानंतर स्पर्धा अधिनियम, २००२ आला. स्पर्धेला मारक ठरणारे करार, वर्चस्वाचा गैरवापर आणि कंपन्यांची विलीनीकरणे या तीन बाबींवर भारतीय स्पर्धा आयोगाने देखरेख ठेवावी, अशी त्याची रचना आहे. पैकी पहिल्या दोन बाबींची कलमे लागू होण्यास २० मे २००९ उजाडावे लागले. मोठे असणे आक्षेपार्ह नाही, मोठेपणाच्या बळावर इतरांची वाट अडविणे आक्षेपार्ह आहे, हे या कायद्याचे सूत्र होय.

विनामूल्य सेवेचा पेच या आयोगापुढे फार लवकर आला आणि तोही मुंबईच्या वित्तीय बाजारातून. २००८ मध्ये चलन-वायद्यांचे व्यवहार सुरू झाले, तेव्हा नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने त्या विभागात व्यवहार शुल्क आकारले नाही. प्रतिस्पर्धी एमसीएक्स स्टॉक एक्स्चेंजचे म्हणणे असे की, इतर विभागांतील उत्पन्नाच्या जोरावर मोठी संस्था शुल्क कितीही काळ माफ करू शकते. ज्याच्यापाशी हा एकच विभाग आहे, त्याने तग कसा धरावा? जून २०११ मध्ये आयोगाने हे म्हणणे मान्य केले आणि ५५.५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलीय न्यायाधिकरणानेही २०१४ मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला. भाव शून्य असला म्हणजे ग्राहकाचे हित साधलेच असे नाही, हे तत्त्व भारतीय कायद्यात तेव्हाच रुजले.

कललेला बाजार

डिजिटल व्यवसायात या तत्त्वाचे महत्त्व अनेक पटींनी वाढते. एखाद्या गावात एकाच घरी दूरध्वनी असेल, तर तो निरुपयोगी. घरोघरी असेल, तर प्रत्येकाला उपयोगी. ज्या सेवेवर सर्वजण आहेत, तीच सेवा नव्या माणसालाही घ्यावी लागते. जितके वापरकर्ते अधिक, तितकी त्यांच्या सवयींची माहिती अधिक. जितकी माहिती अधिक, तितकी सेवा सफाईदार आणि जाहिरात नेमकी. एका मर्यादेनंतर बाजार एका बाजूला कलतो आणि मग उत्तम सेवा घेऊन येणाऱ्या नवागतालाही तो सहजासहजी सरळ करता येत नाही.

शिवाय माणूस सवयीचा गुलाम. नव्या भ्रमणध्वनीवर जे ॲप आधीपासून असते, तेच बहुतेक जण वापरतात. गुगलने अँड्रॉइड प्रणालीबरोबर आपली ॲप्स आधीच बसविण्याची अट उत्पादकांवर घातली, यावर आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तो याच कारणाने. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले. दंड मात्र कायम ठेवला. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणाविषयी आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. 'अटी मान्य करा, नाहीतर सेवा सोडा' ही निवड नव्हे, असा त्या आदेशाचा मथितार्थ. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधिकरणाने हाही दंड कायम ठेवला; माहितीच्या देवाणघेवाणीवरील पाच वर्षांची बंदी मात्र उठविली.

हे आकडे डोळे दिपविणारे आहेत. पण त्यांच्याइतक्याच बोलक्या आहेत त्या तारखा. अँड्रॉइड प्रकरणी चौकशीचा आदेश एप्रिल २०१९ चा, निर्णय साडेतीन वर्षांनंतरचा. गुगलच्या शोधसेवेविरुद्धच्या तक्रारी २०१२ मधील, आयोगाचा निर्णय फेब्रुवारी २०१८ मधील, अपिले त्यानंतरची. पोलाद किंवा सिमेंटच्या बाजारात सहा वर्षांनी सुधारणा होऊ शकते, कारण कारखाने जागेवरच असतात. डिजिटल बाजारात सहा वर्षांत स्पर्धकांची एक पिढी उगवून मावळते. दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. व्यवसाय गुंडाळलेला नवउद्योजक परत येत नाही.

रूळ सर्वांचे, गर्दी दोनच गाड्यांत

हानी झाल्यावर शिक्षा करण्याऐवजी, दार आधीच उघडे ठेवणारा नियम करता येतो काय? या प्रश्नाचे सर्वांत ठळक भारतीय उत्तर म्हणजे यूपीआय. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत पैसे वाहून नेणारे रूळ कोणा एका कंपनीचे नाहीत. ते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सर्व बँकांसाठी घातले आहेत. एका बँकेचा खातेदार दुसऱ्याच कंपनीच्या ॲपमधून तिसऱ्या बँकेतील खात्यात पैसे पाठवू शकतो. ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतःपुरते क्यूआर कोड नव्याने काढण्यास मनाई केली आणि जुने कोड ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांना चालतील असे करण्यास सांगितले. त्यामुळे दुकानदाराच्या गल्ल्यावर एकच कोड पुरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये या व्यवस्थेवरील मासिक व्यवहारांनी २,००० कोटींचा टप्पा ओलांडला. खासगी मालकीच्या, एकमेकांना न जोडलेल्या पाकिटांतून हे घडले असते, असे मानणे कठीण आहे.

तथापि, या यशाला एक दुसरी बाजू आहे. रूळ सर्वांचे असूनही गेली काही वर्षे सुमारे चार-पंचमांश व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपमधून होत आहेत. एखादे ॲप काही तास जरी बंद पडले, तरी देशाच्या व्यवहारांचा केवढा भाग ठप्प होईल, हे सांगावयास नको. म्हणूनच नोव्हेंबर २०२० मध्ये, कोणत्याही एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक असू नये, असा दंडक नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने घातला. विद्यमान कंपन्यांना २०२२ अखेरपर्यंत अवधी दिला गेला. तो २०२४ अखेरपर्यंत आणि पुढे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढविण्यात आला.

या मुदतवाढींबद्दल कोणाला दोष देणे सोपे आहे. परंतु अडचण खरी आहे. मर्यादा ओलांडणाऱ्या ॲपने नवे ग्राहक घेणे थांबवावे, एवढाच या दंडकाचा व्यवहारातील अर्थ उरतो. स्वखुशीने आलेल्या ग्राहकाला 'जागा नाही' म्हणून परत पाठविणे हे ग्राहकहिताच्या नावाने कसे करावे? बाजार कलल्यानंतर वाट्याची मर्यादा घातली, की ती पाळणेही कठीण आणि मोडणेही कठीण होऊन बसते.

त्यात शून्य भावाचा गुंता आहेच. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही. छोट्या दुकानदाराने डिजिटल व्यवहार स्वीकारला, यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे. परंतु जेथे भावच नाही, तेथे कमी भाव लावून बाजारात शिरण्याची नवागताची वाटही बंद होते. मग टिकतो तो, ज्याच्यापाशी तोटा सोसणारे भांडवल किंवा दुसऱ्या व्यवसायाचे उत्पन्न आहे. स्टॉक एक्स्चेंजच्या प्रकरणात उपस्थित झालेला हाच तो प्रश्न. सरकारने छोट्या व्यापाऱ्यांच्या व्यवहारांसाठी मार्च २०२५ मध्ये अंदाजे १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. पण अनुदानाच्या आधारावर स्पर्धा दीर्घकाळ उभी राहत नाही. छोट्या दुकानदाराला पूर्ण सूट ठेवून मोठ्या व्यापारी आस्थापनांवर माफक शुल्क आकारण्याचा विचार कधी ना कधी करावाच लागेल.

बँकांच्या अंगणातील धडा

आधी केलेला नियम आणि नंतर केलेली कारवाई यांतील फरक पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडणाऱ्या कर्जदाराकडून बँका व गृहवित्त संस्था पूर्वी दंडशुल्क घेत असत. कमी व्याजाच्या संस्थेकडे जाऊ पाहणाऱ्या कर्जदाराच्या पायातील ती बेडीच होती. याविरुद्धची तक्रार स्पर्धा आयोगापुढे आली, तेव्हा डिसेंबर २०१० मध्ये आयोगाने बहुमताने असा निर्णय दिला की, यात कायद्याचा भंग सिद्ध होत नाही. पुढे जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिवर्तनीय व्याजदराच्या गृहकर्जांवर असे शुल्क घेण्यास बँकांना मनाई केली. प्रदीर्घ सुनावणीतून जे साधले नाही, ते एका परिपत्रकाने साधले. बँकांचे त्यामुळे दिवाळे निघाले नाही. उलट कर्जदार टिकवून ठेवण्यासाठी व्याजदर आणि सेवा यांकडे अधिक लक्ष द्यावे लागले. कार्ड देताना ग्राहकाला नेटवर्कची निवड द्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा मार्च २०२४ चा आदेशही याच जातकुळीचा.

या उदाहरणांतून एक साधी कसोटी हाती लागते. ज्या बाजारात भाव शून्य आहे, तेथे स्पर्धा मोजावयाची ती भावाने नव्हे, तर ग्राहकाला किती सहजपणे निघून जाता येते यावरून. आपली माहिती, आपले व्यवहार आणि आपली ओळख बरोबर घेऊन जो ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो, त्याच्यापुढे मोठ्यातली मोठी कंपनीही नम्र राहते.

आधी की नंतर?

मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा कायदाविषयक समितीने आपल्या अहवालासोबत विधेयकाचा मसुदा सादर केला. आकाराने व वापरकर्त्यांच्या संख्येने फार मोठ्या असलेल्या डिजिटल कंपन्यांना आधीच निश्चित करावे आणि त्यांच्यावर काही बंधने घालावीत, असे त्याचे स्वरूप आहे. युरोपीय संघाने असाच कायदा केला असून मोठ्या कंपन्यांवरील त्यातील बंधने मार्च २०२४ पासून लागू झाली. भारतातील मसुदा मात्र २०२५ अखेरपर्यंत मसुदाच राहिला.

त्यावरील आक्षेप उडवून लावण्याजोगे नाहीत. केवळ आकड्यांच्या चाळणीने वाढत्या भारतीय कंपन्याही त्यात अडकतील, ही भीती रास्त आहे. कडक नियमांमुळे नव्या सुविधा उशिरा येतात, असाही अनुभव आहे; ॲपलने २०२४ मध्ये काही सुविधा युरोपात लांबणीवर टाकताना तेथील कायद्याकडेच बोट दाखविले. शिवाय लघुउद्योजकाला दूरचा ग्राहक मिळवून देतात ती हीच मोठी व्यासपीठे.

या आक्षेपांवरून नियम नकोत असे ठरत नाही. नियम मोजके हवेत, एवढे ठरते. मोठ्या व्यासपीठाने इतरांच्या सेवेशी जोडून घेण्यास नकार देऊ नये, आपलेच उत्पादन ग्राहकाच्या माथी मारू नये आणि सोडून जाणाऱ्याला त्याची माहिती सुलभपणे द्यावी. इतकी बंधने बाजार कलण्यापूर्वी घातली, तर पुढे वाट्याच्या मर्यादा आणि कोट्यवधींचे दंड यांची गरज कमी पडेल. उरलेल्या बाबी आयोगाने प्रकरणागणिक तपासाव्यात. क्षेत्रीय नियामक आणि स्पर्धा आयोग यांच्या अधिकारांचा क्रम सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दूरसंचार क्षेत्रातील एका वादात सांगितला आहे: तांत्रिक प्रश्न आधी नियामकाने सोडवावा, मग आयोगाने स्पर्धेच्या अंगाने पाहावे. देयक व्यवस्थेत रिझर्व्ह बँक आणि आयोग यांच्यात हाच समन्वय राखला जावा.

ही कसोटी दुसऱ्याला लावताना बँकांनी ती स्वतःलाही लावून घेतली पाहिजे. खाते बंद करू इच्छिणाऱ्या ग्राहकाला किती फेऱ्या माराव्या लागतात, कर्ज दुसरीकडे नेणाऱ्याला मूळ कागदपत्रे किती दिवसांत मिळतात, बँकेच्या ॲपमधील संमतीचे चौकोन आधीच भरलेले असतात काय, हे प्रश्न प्रत्येक शाखेत विचारले जावेत. ज्याला जाण्याची मुभा आहे आणि तरीही जो राहतो, तोच खरा ग्राहक.

ग्राहकानेही आपल्या हातातील मुभा वापरली पाहिजे. एकाच ॲपवर विसंबण्याऐवजी आपल्या बँकेचे ॲपही भ्रमणध्वनीवर ठेवणे, संमती देण्यापूर्वी अटींवर नजर टाकणे, दोन संस्थांचे व्याजदर ताडून पाहणे या गोष्टींना कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. फुकट मिळालेले पौष्टिक असेलही. ते ताट नको झाल्यास दुसऱ्या पंगतीला बसता येते की नाही, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे.