फोटोत मोळी दिसत नाही

जेऊर स्टेशनवर एक ऊसतोड करणारी बाई भेटली. एमआरआयचं भलंमोठं पाकीट तिने सातबारा धरावा तसं छातीशी धरलं होतं. "ताई, मणक्यात गॅप निघालाय, ऑपरेशन सांगितलंय." तपासणीपायी दोन शेळ्या गेल्या होत्या. मी विचारलं, पायातली ताकद गेलीय? लघवी कळत नाही? ताप, वजन घटणं, कुठे पडलीस? यातलं काहीच नव्हतं. असतं तर फोटो तातडीने काढायलाच हवा होता.

एरवी फोटो खोटा नसतो, पण दुखण्याचं कारण सांगतोच असंही नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिकांच्या मणक्यातल्या गाद्या फुगलेल्या निघाल्या! वयानुसार केस पिकतात, तशा गाद्याही झिजतात. म्हणून नुसत्या फोटोवर ऑपरेशन ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक कंबरदुखी हिंडतंफिरतं राहून, ओझं कमी करून काही आठवड्यांत उतरते.

ओझं कमी कर, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? बीडमध्ये २०१९च्या सरकारी पाहणीत १३ हजारांहून अधिक ऊसतोड बायांची पिशवी काढलेली आढळली. तिथेही उपाय शोधला तो बाईच्या शरीरात. खाडा आणि मोळी होती तिथेच राहिली.

तारीख घेण्याआधी सरकारी दवाखान्यात दाखव, एवढं तिला सांगितलं. मुकादमाला मोळीचं वजन विचारलं, तर तो हसला.